खाल्लेलं अंगी लागत नाही

पोर दोन वेळा जेवतं, मधे खाऊही होतो, पण हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं पुढे. कधी जुलाब, कधी शौचाला खडा. लोहाचं औषध महिनोन्‌महिने चालू, हिमोग्लोबिन मात्र जागचं हलत नाही. सोलापूरकडे आधी जंताचं औषध होतं, मग दृष्ट काढून होते आणि शेवटी आजी म्हणते, ‘खाल्लेलं अंगी लागत नाही बघ.’ आजीचं बरोबरच असतं. का लागत नाही, हे शोधणं बालपोटविकारतज्ज्ञाचं काम.

अशा वेळी तो ज्या आजारांचा संशय घेतो, त्यांतला एक सिलिअ‍ॅक. गहू, जव यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर बारीक उंचवटे असतात. सोलापुरी टर्किश टॉवेलवरचे सुताचे फासे डोळ्यांसमोर आणा. ते झिजून टॉवेल सपाट झाला की पाणी टिपत नाही. इथे लोह, कॅल्शियम, स्निग्धांश टिपले जात नाहीत.

गव्हावर बोट ठेवलं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. संशय त्याला आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, लोक ट्युलिपचे कंद खाऊ लागले. सिलिअ‍ॅकची मुलं मात्र त्याच काळात सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्याने यावर प्रबंध लिहिला.

भारतात हा आजार मुख्यतः उत्तरेचा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रौढांच्या पाहणीत उत्तरेत शेकडा १.२ लोकांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडं आढळली, दक्षिणेत हजारी एकाच्या. आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोज ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५. आपल्या ज्वारीच्या मुलखातही आता शाळेच्या डब्यात चपाती आणि बिस्किटं असतात.

घोळ होतो तो निदानाआधी. कुणीतरी सांगतं म्हणून घरचे गहू बंद करतात आणि मग तपासणीला येतात. गहू थांबला की या आजाराची खूण असलेली रक्तातली टीटीजी प्रतिपिंडं उतरू लागतात, आतडंही भरून येतं आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’! तेव्हा टीटीजीची रक्ततपासणी आणि गरज असल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून होणारी तपासणी, दोन्ही गहू चालू असतानाच उरकाव्यात.

निदान पक्कं झालं की औषध नाही, आयुष्यभराचं पथ्य आहे. इथे सोलापूर नशीबवान. ज्वारीत हे ग्लुटेन नसतं. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी, भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी, कडक भाकरी, शेंगाचटणी: महागड्या ‘ग्लुटेन-फ्री’ पाकिटांची गरजच काय?

पण भाकरीतही गहू शिरतो, तो गिरणीतून. आधीच्या गिऱ्हाइकाचं गव्हाचं पीठ जात्याच्या दगडांत राहतं आणि मागून आपली ज्वारी पडते. घरी छोटी चक्की असली तर ती ज्वारीसाठीच ठेवावी. फोडणीतल्या बांधणी हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं; पाकीट वाचून घ्यावं. आणि आईवडील, भावंडं यांचंही रक्त एकदा तपासावं, त्यांचं पोट कधीच बिघडत नसलं तरी.