संभाषण तुटते, हिशेब जुळतो

भ्रमणध्वनीवर बोलत असता मध्येच आवाज बंद पडला, की सामान्य माणूस यंत्राला, कंपनीला किंवा दैवाला दोष देऊन मोकळा होतो. मुंबईच्या उपनगरी गाडीत उभ्याने प्रवास करणारा कारकून काय किंवा बोरघाटातून पुण्याला निघालेला विद्यार्थी काय, दोघांचाही हा नित्याचा अनुभव आहे. परंतु प्रश्न केवळ यंत्राचा नाही. मर्यादित साधनांच्या वाटपात अग्रक्रम कोणाला द्यावयाचा आणि त्या वाटपाचा हिशेब कोणत्या मापाने तपासावयाचा, असा तो प्रश्न आहे.

1947 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डी. एच. रिंग यांनी एक कल्पना मांडली. प्रदेशाचे मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनी भाग पाडावेत, प्रत्येक भागाला स्वतंत्र मनोरा द्यावा आणि त्याच रेडिओलहरी दूरच्या भागांत पुन्हा वापराव्यात. 1979 साली टोकियोत ही योजना व्यवहारात उतरली. 1995 साली भारतात भ्रमणध्वनी आला. थोड्या लहरींत असंख्यांची सोय झाली खरी; पण माणूस एका जागी थांबत नाही. त्याने सीमा ओलांडली, की त्याचे संभाषण पुढच्या मनोऱ्याच्या स्वाधीन करावे लागते. जीएसएम पद्धतीत हातातले यंत्र शेजारच्या मनोऱ्यांच्या लहरींचे बळ मोजून सेकंदाला सुमारे दोनदा कळवीत असते. त्यावरून निर्णय होतो. तेथे वाहिनी मोकळी नसेल, तर संभाषण तुटते. भरलेली लोकल तर असे अनेक बोलणारे एकदमच पुढच्या मनोऱ्यावर नेऊन सोडते.

यावर उपाय म्हणजे काही वाहिन्या अशा येणाऱ्यांसाठी राखून ठेवणे. हाँग आणि रॅपापोर्ट यांनी 1986 साली त्याचे गणित मांडले. मात्र राखीव वाहिन्या वाढल्या, की नव्याने बोलू पाहणाऱ्याला नकार मिळतो. मनोरे वाढवून भाग लहान केले, तर वाहिन्या वाढतात. पण सीमाही वारंवार ओलांडाव्या लागतात. सुरूच न झालेल्या बोलण्यापेक्षा अर्ध्यावर तुटलेले बोलणे अधिक जाचते, म्हणून चालत्या संभाषणाला अग्रक्रम देणे न्याय्यच होय.

खरी गोम आहे ती मोजमापात. तुटलेल्या संभाषणांचे प्रमाण 2 टक्क्यांच्या आत असावे, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा दंडक होता. परंतु तो अनेक वर्षे संपूर्ण परवाना-क्षेत्राच्या सरासरीला लावला जाई. मुंबई वगळता महाराष्ट्र व गोवा मिळून असे एकच क्षेत्र होते. सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंतच्या सरासरीत घाटातला प्रवासी कोठे दिसणार? तुटलेल्या संभाषणामागे 1 रुपया, दिवसाला फार तर तिघांचा, अशी भरपाई 1 जानेवारी 2016 पासून देण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. पुढे 2017 साली ठरावीक प्रमाणातील मनोरे ठरावीक दिवस कसोटीला उतरलेच पाहिजेत, अशी रीत आली. ती सरासरीपेक्षा निश्चितच प्रामाणिक होती.

तरीही एक पळवाट उरते. लहर क्षीण झाल्यावर संबंध तोडण्यापूर्वी किती वेळ थांबावयाचे, ही मुदत जाळ्यातच ठरविलेली असते. ती लांबविली, की आवाज येत नाही, पण संबंध मात्र 'चालू' राहतो. 'हॅलो, हॅलो' करून कंटाळलेला ग्राहक अखेर स्वतःच तो बंद करतो आणि हिशेबात काहीच तुटलेले नसते!

म्हणून मोजावयाचे ते मनोऱ्याचे नव्हे, प्रवाशाचे सुख-दुःख. रेल्वेमार्ग व महामार्ग यांवर प्रत्यक्ष फिरून नियमित चाचण्या व्हाव्यात. तुटलेली, नाकारलेली आणि मुकी झालेली, अशी तिन्ही प्रकारची संभाषणे मार्गवार प्रसिद्ध व्हावीत. चालत्या माणसासाठी काढलेल्या सेवेची परीक्षा तो चालत असतानाच घेतली पाहिजे.