उलटी तुला



गोदाकाठच्या या पटांगणावर मी आजवर पुष्कळ व्याख्याने ऐकली, ती खाली सतरंजीवर बसून. आज व्यासपीठावर उभे राहण्याची पाळी आली ती काही विद्वत्तेमुळे नव्हे. माझी शाळा नववीत सुटली; पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. संयोजकांनी मला बोलावले ते माझ्या अंगावरून उतरलेल्या वजनामुळे. "तुम्ही हे कसे केले ते सांगा," असे ते म्हणाले. सांगतो, पण त्या वाक्यातला 'तुम्ही' हा शब्द आधी तपासून पाहिला पाहिजे, असे मला वाटते.

गेल्या वर्षी १ मे रोजी आमच्या युनियनच्या मंडपात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि मागे फलक: '३८ किलो वजन घटविणारे आपले सरचिटणीस'. शस्त्रक्रियेच्या दिवशी मी १२४ किलोंचा होतो, सत्काराच्या दिवशी ८६ किलोंचा. आता गंमत पाहा. त्याच्या चार वर्षे आधी, माझ्या पन्नाशीला, याच सहकाऱ्यांनी माझी वहीतुला केली होती. एका पारड्यात मी, दुसऱ्यात कामगारांच्या मुलांना वाटावयाच्या वह्या. काटा ११८ किलोंवर थांबला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. कारण माणूस जितका जड, तितक्या वह्या अधिक! एकाच माणसाचा चार वर्षांत दोनदा सत्कार झाला, एकदा जड असताना आणि एकदा हलका झाल्यावर. मग सत्कार होतो तो नेमका कशाचा?

तुला ही आपल्याकडची जुनी चाल आहे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. १९४६ साली मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर तिसऱ्या आगाखानांची हिऱ्यांनी तुला झाली. या तुलांमध्ये वजन हे केवळ दानाचे माप होते. वजनाबद्दल त्या माणसाची कोणी स्तुती केली नाही की निंदा केली नाही. याच्या उलट प्रकार २०१३ साली दुबईच्या नगरपालिकेने केला. जो नागरिक वजन कमी करील त्याला उतरलेल्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅम सोने. ही झाली उलटी तुला. दानाचे माप होते ते गुणाचे माप झाले. माझ्या मागे जो फलक लागला होता तो याच जातीचा.

आता शस्त्रक्रियेत काय होते ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी, की पोट उघडून चरबी काढून टाकतात. तसे नाही. चरबीला हातही लावीत नाहीत. माझ्यावर जी शस्त्रक्रिया झाली तीत दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात, आणि उरते ती केळ्याच्या आकाराची एक नळी. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराची एक लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. हा प्रकार १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी सुरू केला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रोग्यांचे वजन उतरते, हे निरीक्षण त्याच्या मुळाशी होते.

पोट लहान झाले म्हणून खाणे कमी झाले, एवढाच याचा अर्थ असता तर गोष्ट सोपी होती. पण जठर ही नुसती थैली नव्हे. जो भाग कापला जातो त्यात भुकेची वर्दी मेंदूला देणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यत्वे तयार होते. तो भाग गेला की भुकेची हाकाटी मंदावते. उलट तृप्तीची वर्दी देणारे आतड्यातील जीएलपी-वन हे संप्रेरक जेवणानंतर अधिक स्रवू लागते. अलीकडे ज्या इंजेक्शनांचा एवढा गाजावाजा आहे ती याच संप्रेरकाची नक्कल करतात. पुष्कळ मधुमेही रोग्यांची साखर वजन उतरण्याआधीच, थोड्या दिवसांत सुधारू लागते, त्यालाही हे फेरफार कारण आहेत. माझे तसेच झाले.

म्हणजे शस्त्रक्रियेने माझी इच्छाशक्ती वाढली नाही. माझी भूक बदलली. इच्छाशक्तीचे म्हणाल, तर ती आधीही होती. एका संपात कारखान्याच्या गेटवर मी नऊ दिवस उपोषण केले आहे. त्यात सात किलो गेले आणि पुढच्या दोन महिन्यांत नऊ परत आले. रात्री दोन वाजेपर्यंत चालणाऱ्या वाटाघाटी, दर अर्ध्या तासाला साखरेचा चहा, पहिल्या पाळीच्या गेटसभेनंतर वडापाव, दुसऱ्या पाळीच्या आधी मिसळ, आणि झोप युनियन ऑफिसच्या बाकावर. पंचवीस वर्षे असे गेल्यावर एका बैठकीत मी मालकांच्या प्रतिनिधींसमोर घोरू लागलो. झोपेत श्वास अडण्याची ती व्याधी होती. स्थूलतेबरोबर पुष्कळांना ती जडते.

शरीर वजन का सोडीत नाही, हे मला आमच्या धंद्याच्या भाषेत उमगले. शिधा एकदम तोडला, की शरीर त्याला टाळेबंदी समजते आणि 'गो-स्लो' पुकारते. याचा पुरावा एका जाहीर स्पर्धेतूनच मिळाला. अमेरिकेत २००४ पासून दूरदर्शनवर 'द बिगेस्ट लूझर' नावाचा कार्यक्रम होत असे. शस्त्रक्रिया नाही, केवळ कडक आहार आणि तासन् तास व्यायाम. ज्याचे वजन सर्वांत जास्त उतरेल त्याला साऱ्या देशासमोर बक्षीस. अशा १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी शास्त्रज्ञांनी तपासणी केली, आणि ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. स्पर्धेत त्यांचे सरासरी ५८ किलो उतरले होते. त्यांपैकी सरासरी ४१ परत आले होते. इतकेच नव्हे, स्वस्थ बसलेले असता त्यांचे शरीर जेवढी ऊर्जा खर्च करील अशी अपेक्षा होती, त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करीत होते. दोन वडापावांचा हिशेब समजा. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. गो-स्लो मात्र चालूच होता.

शस्त्रक्रिया हा गो-स्लो पुष्कळ अंशी टाळते; अगदी पूर्णपणे नव्हे. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेले सुमारे २,००० लोक आणि न झालेले तितकेच लोक यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवली गेली. २००७ साली जे आकडे प्रसिद्ध झाले त्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांत १०१ मृत्यू होते, न झालेल्यांत १२९. हा लाभ खरा आहे. पण त्याच नोंदीत असेही दिसले, की बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एकदोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरले, आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडे वजन परत येणे हा कोणाचा अपराध नव्हे; तो या उपचाराचा नेहमीचा मार्ग आहे.

आणि व्यायाम? तो मी केला. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात, मग नदीकाठाने, पुढे रोज पहाटे पाऊण तास, आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम. पण व्यायामाने ३८ किलो उतरले, असे मी म्हटले तर ते खोटे होईल. वजन झपाट्याने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते राखणे, आणि उतरलेले वजन पुन्हा चढू न देणे, ही व्यायामाची खरी कामगिरी. त्या अमेरिकन स्पर्धकांतही ज्यांनी वजन बरेचसे राखले, ते स्पर्धेनंतर सर्वांत अधिक हालचाल करणारे होते. कराराच्या दिवशी गुलाल उधळला जातो. पण करार टिकतो तो पुढची तीन वर्षे दर महिन्याचे पगारपत्रक तपासणाऱ्यांमुळे. व्यायाम हे पगारपत्रक तपासण्याचे काम आहे.

त्याशिवाय जन्मभराचे काही नियम आहेत: जेवणात आधी प्रथिने, म्हणजे डाळ, दही, अंडी, बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या, ठरलेल्या वेळी रक्ततपासणी, आणि दारूपासून दूर राहणे, कारण अशा शस्त्रक्रियेनंतर ती रक्तात लवकर भिनते.

आता मानपत्रात नसलेल्या गोष्टी सांगतो. पहिला महिना माझ्या पत्नीने दर दोन तासांनी वाटीभर गाळलेले वरण आणि ताक दिले. सहा आठवडे तीन सहकाऱ्यांनी माझ्या गेटसभा घेतल्या. खर्च विम्याने उचलला. २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने या बाबतीतील अटी एकसारख्या केल्या. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा येतो तो ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ किंवा अधिक असून काही गंभीर व्याधी जोडीला असतील, आणि आधीचे उपाय थकले असतील, तर ही शस्त्रक्रिया विम्यात बसते. माझा आकडा ४४ च्या घरात होता. वैद्यकीय संघटनांनी २०२२ साली आपल्या शिफारशीत ही मर्यादा खाली आणली. आशियाई लोकांच्या बाबतीत तर २७.५ पासून विचार करावा असे म्हटले आहे. पण माझ्याच शेजारच्या यंत्रावरच्या कंत्राटी कामगाराला ना विमा, ना सहा आठवड्यांची रजा. त्याचे वजन माझ्याइतकेच आहे. त्याचा सत्कार होणार नाही, आणि लोक त्याला आळशी म्हणतील. 'तुम्ही हे कसे केले' यातल्या 'तुम्ही'त मी एकटा नाही, तो असा.

माझ्याविषयी दोन मते ऐकू येतात. एक, "काय निर्धार आहे!" दुसरे, हळू आवाजात, "त्यात काय, ऑपरेशन करून घेतले." दोन्ही मते एकाच चुकीतून निघतात: शरीराचे वजन म्हणजे चारित्र्याचे प्रमाणपत्र, ही ती चूक.

ही चूक किती महाग पडते ते सांगतो. आमच्याच औद्योगिक वसाहतीतील एका फोरमनची शस्त्रक्रिया माझ्या आधी झाली होती. गणेशोत्सवात त्याचा सत्कार झाला. तिसऱ्या वर्षी काही वजन परत आले. ज्यांनी हार घातले तेच विचारू लागले, "काय साहेब, पुन्हा सुरू का?" तो सभांना येईनासा झाला. मग डॉक्टरांकडे जाईनासा झाला, कारण तिथे दाराशीच वजनाचा काटा. तपासणी सुटली तशा गोळ्याही सुटल्या. मला भेटला तेव्हा त्याचे पाय बधिर झाले होते आणि तोल जात होता. बी-१२ फार कमी झाले होते. उपचाराने आता पुष्कळ बरा आहे, पण सगळी संवेदना परत आलेली नाही. त्याला आजारी पाडले ते परत आलेल्या किलोंनी नव्हे, ते लपविण्याच्या धडपडीने.

मी त्याला रागावलो. आणि त्याच सुमारास माझी स्वतःची तपासणी मी दोनदा पुढे ढकलली होती. युनियन ऑफिसात मानपत्राची तसबीर टांगलेली आहे. तिच्यावर ८६ हा आकडा आहे. माझे आजचे वजन ९२ आहे.

सत्कार करूच नये, असे माझे म्हणणे नाही. माणसाला पाठीवर हात हवा असतो. अमेरिकेत १९४८ पासून वजन घटविणाऱ्या लोकांची टॉप्स नावाची एक संस्था आहे. ती सर्वाधिक वजन घटविणाऱ्यांना राजा-राणीचा मुकुट देते. पण ठरलेले वजन गाठून ते राखणाऱ्यांसाठीही तिने निराळा दर्जा ठेवला आहे. त्या दुसऱ्या दर्जाकडे आपण पाहावे. मी त्याच्याही एक पाऊल पुढे जाईन. काटा काय दाखवितो हे सर्वस्वी माणसाच्या हाती नसते; रोज चालणे, गोळ्या घेणे आणि तपासणीला जाणे हे त्यामानाने अधिक असते, आणि तेही रजा व विमा हाताशी असेल तरच. मान द्यावयाचा तर त्या नेमाला द्यावा, आणि ज्यांनी तो नेम शक्य केला त्यांनाही द्यावा.

यंदा १ मे रोजी सहकाऱ्यांनी पुन्हा काही योजिले होते. मी त्यांना सांगितले, ती तसबीर उतरवा, आणि त्या जागी कंत्राटी कामगारांच्या विम्याचे मागणीपत्र लावा. ते लागले आहे. पुढच्या मंगळवारी मी तपासणीला जाणार आहे. काट्यावर उभा राहीन आणि जो आकडा येईल तो सांगेन. आपल्या ओळखीत माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला किती किलो उतरले हे विचारू नका. तपासणीला जाऊन आलास का, एवढेच विचारा. आणि त्याला एकट्याने जाणे जड जात असेल, तर सोबत जा.