'अलिया' : एका हिब्रू संज्ञेचे दोन अर्थ

'अलिया' या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ 'वर चढणे' असा आहे. सिनेगॉगमध्ये तोरा-वाचनाच्या वेळी उपासकास नाव पुकारून व्यासपीठावर पाचारण करतात. त्या मानास अलिया म्हणतात. शब्बाथच्या सकाळी असा मान सात जणांस मिळतो. जेरुसलेमची वाटही यहुदी परंपरेने चढणीचीच मानली. त्यामुळे तेथील यात्रेस आणि पुढे इस्रायलमध्ये कायमच्या वास्तव्यासाठी जाण्यासही हीच संज्ञा लागू झाली. 'स्थलांतर' हा मराठी प्रतिशब्द म्हणूनच अपुरा पडतो. त्यात स्थळ बदलते, प्रतिष्ठा वाढत नाही.

कोकणातील मराठीभाषी बेने इस्रायल समाजाच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ समोरासमोर येतात. या समाजाचे मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी स्थापिले. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे क्रमाक्रमाने इस्रायलला गेली. १९५० च्या परतीच्या कायद्यान्वये त्यांस प्रवेशाचा हक्क होता. तथापि १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बीमंडळाने त्यांच्या इतर यहुद्यांशी होणाऱ्या विवाहांपूर्वी वंशचौकशीचा निर्बंध घातला. समाजाने निदर्शने केली. अखेर १९६४ साली बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदीच असल्याचे इस्रायल शासनाने जाहीर केले.

सिनेगॉगमध्ये पुकारलेले नाव ही समूहाने दिलेली मान्यता होय. देशांतररूपी अलियाही केवळ प्रवेशाने पूर्ण होत नाही. तीसही त्याच मान्यतेची अपेक्षा असते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.