सहांची पाळी

एचआयव्हीच्या गोळ्या रोज आणि आयुष्यभर घ्याव्या लागतात. खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो, कधी त्याच गोळ्यांना दाद देईनासा होतो. मोझांबिकच्या टेटे प्रांतात उपचार सुटण्यामागे निष्काळजीपणापेक्षा लांबचा दवाखाना, गाडीभाडं आणि रांगेत जाणारा दिवस ही कारणं मोठी होती. तिथे २००८ मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने स्थानिक आरोग्य यंत्रणेसोबत रुग्णांचे गट सुरू केले.

तेव्हाची पद्धत अशी: प्रकृती स्थिर असलेले जास्तीत जास्त सहाजण एका गटात. महिन्याला एकच जण आरोग्य केंद्रावर जातो, सगळ्यांच्या गोळ्या आणतो आणि त्याच फेरीत स्वतःची तपासणी करून घेतो. भिशीसारखी पाळी फिरते. निघण्यापूर्वी सगळे जमतात, प्रत्येकाच्या उरलेल्या गोळ्या मोजतात. कुणाच्या जास्त उरल्या तर विचारपूस होते. डॉक्टरपुढे लपवलेलं इथे सहज बोललं जातं, आणि माझ्या मते खरं काम तिथेच होतं.

या गटांच्या सुरुवातीच्या अहवालात, इतरत्र बदली झालेले वगळता, १,३०१ सदस्यांपैकी १,२६९ उपचारांवर टिकून होते. अर्थात सगळे आधीच स्थिर, त्यामुळे आकडा जरा जास्त उजळ दिसतो. गटातलं कुणी आजारी पडलं, तर त्याने पाळीची वाट न पाहता थेट केंद्र गाठायचं असतं.