चांदीचा दोर

गणपती गेल्यावर चार दिवसांनी आमच्या वाडीत बंदुकीचा बार झाला. भात पोटरीला आलं होतं आणि डुकरांनी तीन रात्रींत दोन कुणगे लोळवून टाकले होते. अर्ज, परवानगी, सगळं रीतसर होतं. गोळी लागली, डुक्कर किंचाळलं आणि गडगा पाडून अंधारात गेलं. सकाळी पाच-सहा जण मागावर निघाले. रक्त सड्यापर्यंत होतं. पुढे उघडा कातळ, तिथे थेंब नाही. एकानं मोबाइलवर शेवटच्या थेंबाचा फोटो काढला. ‘जातोय कुठं, मरेल कुठंतरी,’ म्हणून मंडळी परतली आणि माझ्याच पडवीत चहा प्याली.

हे वाक्य पन्नास वर्षांपूर्वी मी आमच्या खळ्यात उच्चारलं असतं, तर आजोबांनी मला त्या रात्री पानावर बसू दिलं नसतं.

देवरुखच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी आमची वाडी. जिल्हा 1981 साली दुभागला, 1998 साली कोकण रेल्वे सुरू झाली, मी मुंबईला नोकरी करून परत आलो. या मधल्या वर्षांबद्दल मला फारसं सांगायचं नाही, आणि त्यांत घडलं ते बहुतेक कंटाळवाणंच होतं. सांगायचंय ते 1968 ते 78 या दहा वर्षांचं. त्यांतली शेवटची नऊ वर्षं आमच्या पडवीत चांदी होती.

चांदी म्हणजे गावठी कुत्री. अंग मातकट पिवळं, गळ्याखाली पांढरा पट्टा, एक कान फाटका. तिची आई याच कामातली, आजीही. आजोबांची पैदाशीची रीत साधी होती. ज्या कुत्र्यानं जखमी डुक्कर एकदा तरी धरून ठेवलंय त्याच्याशीच जोड लावायची, मग ते दोन डोंगर पलीकडचं का असेना. पिल्लं अडीच महिन्यांची झाली की बकऱ्याचं काळीज सुतळीला बांधून परसातून, पाखाडीवरून, पऱ्यापार फरफटत न्यायचं आणि रात्रभर तसंच राहू द्यायचं. सकाळी पिल्लं सोडायची. बहुतेक भुंकत, नाचत, निम्म्या वाटेवर एकमेकांच्या शेपट्या चावत बसत. एखादंच तोंड मिटून, नाक खाली घालून शेवटपर्यंत जाई. ते ठेवायचं, बाकीची वाटून टाकायची. मागावर भुंकणारं कुत्रं आजोबांना चालत नसे. डुकराला आधीच वर्दी मिळते.

शिकारीत कुत्र्याला वाटा होता. हाकाऱ्यांना माणशी एक, बार काढणाऱ्याला मानाचा, आणि कुत्र्याच्या धन्याला वेगळा एक. शिमग्यानंतरच्या गावपारधीत देवाला कौल लावून रान धरायचं, पण त्या गडबडीत चांदीला नेत नसत. सगळ्यांनी हात टेकल्यावर तिला बोलावणं येई.

1973 सालची दिवाळी झाली होती. पलीकडच्या वाडीतल्या एकानं संध्याकाळी ठासणीच्या बंदुकीनं डुकरावर बार टाकला आणि रात्री निरोप आला. आजोबा कंदील घेऊन गेले, मी मागे. कुड्याच्या पानावर रक्त होतं, काळपट, त्यात नाचणीचा भुगा. त्यांनी पान नाकाशी नेलं. रक्त लाल आणि फेसाळ असतं तर फुप्फुसात लागलेली असते, जनावर जवळच पडतं. हाडाचा चुरा दिसला तर पायात, ते मैलभर जातं. हे पोटात होतं. ‘आता जेवा नि झोपा,’ आजोबा म्हणाले. पोटात लागलेल्याच्या पाठी लगेच गेलं तर ते उठून घाट चढतं. स्वस्थ सोडलं तर जाळीत जाऊन बसतं.

पहाटे दव होतं. दवात वास धरून राहतो, ऊन चढलं की कातळावरून उडतो. कारवीच्या सावलीत मात्र दुपारपर्यंत टिकतो. चांदीच्या गळ्यात वीस हात काथ्याचा दोर, टोक आजोबांच्या मनगटाला. तिला घाई नव्हती. रक्त नव्हतं तिथेही ती नाक टेकून जात होती, कारण जनावराच्या खुरांत, घामात, चुरडलेल्या गवतात वास असतोच. पऱ्याशी माग तुटला. ती या काठानं वर गेली, त्या काठानं खाली आली. मी शहाणपणानं बोट दाखवलं, ‘इकडून गेलं असणार.’

‘तू गप ऱ्हा. नाक तिचा हाय, तुजा नाय.’

आजोबा दगडावर बसले आणि तंबाखू मळू लागले. अर्ध्या तासानं दोर ताठ झाला. गुडघ्याएवढ्या उंचीवर कारवीच्या काडीला रक्ताचं बोट फिरवल्यासारखी रेघ होती. पुढे करवंदीची जाळी. आजोबांनी दोर सोडला, आत एकदम कल्लोळ झाला, आणि डुक्कर बाहेर काढताना चांदीचं पोट सुळ्यानं फाटलं. बार झाला. मग मी कंदील धरला, भरदिवसा, कारण पडवीत अंधार असतो, आणि आजोबांनी गोधडीच्या सुईनं तिला शिवलं. तेरा टाके, वर हळद. ती कण्हली नाही. मी रडलो. आजोबांनी आधी टाके पुरे केले, मगच मला एक ठेवून दिली.

त्या वर्षांत मुंबईहून जीपगाड्या येत. खाकी विजारी, दुर्बिणी, लांब कानांची विलायती कुत्री. बार काढायचे, फोटो काढायचे. पळालेलं जखमी जनावर मात्र आमच्यावर सोडून रात्री मुंबईची वाट धरायचे. त्यांतल्या एकानं आजोबांना चांदीची ‘पेडिग्री’ विचारली होती. दुसरा एक घाटावरून कारवानी घेऊन आला, मुधोळकडचं, दिसायला देखणं. ते कुत्रं नजरेवर धावणारं. माळावरच्या सशामागे जरूर सोडावं. आमच्या कारवीत ते पाच मिनिटांत अडकलं आणि धन्यालाच शोधत बसलं.

आणि एक माझाही हिशेब चुकता करतो. चांदीचं सगळ्यांत चांगलं पिल्लू मी पन्नास रुपयांना अशाच एका जीपवाल्याला विकलं, आजोबा बाजाराला गेले असताना. पुढे कळलं, ते बंगल्याच्या फाटकाशी साखळीला होतं. आजोबा पूर्ण शिमगाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मुंबईत एका ग्रंथालयात पुढे वाचलं की जर्मनीत नेमक्या याच कामासाठी हॅनोवर हाउंड नावाची जात राखतात, 1894 साली त्यांच्यासाठी मंडळही निघालं. तिकडचे शिकारी जनावराच्या रक्ताला आपल्या बोलीत ‘घाम’ म्हणतात आणि लांब दोरावरच कुत्र्याला माग शिकवतात. जखमी जनावर न शोधता सोडणं तिथे अपराधासारखं मानतात. वाचून मला हसू आलं आणि थोडा रागही. आमचा काथ्याचा दोर तेव्हा काजूची पोती बांधायला वापरला जात होता.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. आमच्या वाडीत तो सावकाश पोचला. परवान्यावरच्या शिकारीची वाट 1991 च्या दुरुस्तीनं बंद झाली. कायदा चुकला असं मी म्हणणार नाही. आम्ही भेकरं किती मारली ते मला ठाऊक आहे. माझ्या लहानपणी रात्री ऐकू येणारा सांबराचा आवाज मी नोकरीला लागेपर्यंत बंद झाला होता. पण डुक्कर मारणं काही थांबलं नाही. बंदुकीच्या जागी तारेची फासकी आली, पिठात लपेटलेला गावठी बॉम्ब आला. या दोहोंना कुत्र्याची गरज नाही, माग काढायची तर मुळीच नाही. फासकीत डुकराआधी बिबळ्या अडकतो, हे जिल्ह्यातल्या कुणालाही विचारा. बॉम्ब कोण चावेल याचा नेम नसतो. चांदीच्या नातीनं 1989 साली असाच एक गोळा तोंडात धरला. तो कुणी ठेवला होता ते वाडीला माहीत आहे, मलाही. नाव लिहीत नाही. आमच्या घरातली ती शेवटची.

पुढे माणसं मुंबईला गेली, वरकस जमिनी ओस पडल्या, नाचणी-वरीच्या जागी रान वाढलं आणि त्या रानात डुकरं सुखानं वाढली. शेती संरक्षणाच्या बंदुका आहेत, पण निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या. आचारसंहिता डुकरांना लागू नाही. टपाल खात्यानं 2005 साली देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली: हिमालयी मेंढपाळ, रामपूर, मुधोळ, राजापलयम. गावठ्याचं नाही. नाकाचं काम संपलंय असंही नाही. 2008 पासून ‘ट्रॅफिक इंडिया’ या संस्थेच्या पुढाकारानं वनखात्यांसाठी वास काढणारी कुत्री तयार होतात, ती कातडी, हाडं आणि चोरटे शिकारी शोधतात. चांगलंच आहे. फक्त सड्यावर रक्त सांडून गेलेल्या डुकराच्या मागे कुणी येत नाही.

त्या सकाळी चहा पिऊन मंडळी गेल्यावर मी एकटा सड्यावर जाऊन आलो. थेंबाचा रंग पाहिला. काळपट होता. कुणाला सांगितलं नाही, सांगून करणार काय होते?

डुक्कर सापडलं ते आठव्या दिवशी. वरच्या पऱ्यात, आमच्या नळाचं पाणी जिथून येतं त्याच्या शंभरेक पावलं वर, करवंदीखाली. पाच-सहा दिवस तरी जिवंत असावं. पुढच्या पायांनी उकरलेली माती दूरवर पसरली होती. पंचनाम्याला आलेल्या तरुण वनरक्षकानं तोंडाला रुमाल लावला आणि विचारलं, ‘काका, तुम्हाला कसं कळलं हे इथे आहे ते?’

‘वासावरून,’ मी म्हटलं. आठ दिवसांनी माझ्याही नाकाला माग लागला होता.