सिकलसेल आणि शाळा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी असलेले मार्कंडा देवस्थान ज्या मार्कंडेयाच्या नावाने ओळखले जाते, त्याच्या कपाळी सोळाव्या वर्षीच मरण लिहिले होते, असे पुराणकथा सांगते. गडचिरोली-चंद्रपूरच्या वनपट्ट्यातल्या सिकलसेलग्रस्त मुलांकडेही अनेक जण तशाच नजरेने पाहतात : पोर फार जगायचे नाही, मग शिकवून उपयोग काय? हा पहिला गैरसमज आणि सर्वांत घातकही. वेळेवर निदान, लसीकरण, हायड्रॉक्सियुरियाचा नियमित डोस आणि तापावर तत्काळ उपचार मिळाले, तर ही मुले मोठी होतात, शिकतात, नोकरी करतात. मात्र दिवसातला मोठा वेळ, आणि आश्रमशाळेत तर चोवीस तास, मूल शाळेच्या हाती असते. म्हणूनच त्याच्या उपचारात शाळेचा वाटा दवाखान्याइतकाच मोठा आहे.

दुसरा गैरसमज असा की हा आजार संसर्गाने पसरतो, किंवा तो कुणाच्या तरी पापाचे फळ आहे. सिकलसेल आनुवंशिक आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे अशा मुलाला वेगळे बसवणे किंवा त्याचे ताट वेगळे ठेवणे निरर्थक आहे. वाहक म्हणजे एएस आणि रुग्ण म्हणजे एसएस, हा फरकही शाळेने लक्षात घ्यावा. वाहक मूल सहसा इतरांसारखेच निरोगी असते. केवळ सिकलसेल तपासणीचे कार्ड पाहून त्याचे खेळ बंद करू नयेत.

'सकाळी खेळत होता, आता पोट दुखतं म्हणतो, म्हणजे नाटक करतो,' असा निष्कर्ष वर्गात सहज काढला जातो. प्रत्यक्षात या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या अडवतात, आणि असह्य वेदना अचानक सुरू होतात. पाणी कमी पडणे, थंडी, ताप, अतिश्रम ही त्याची निमित्ते. मूत्रपिंडालाही इजा होत असल्याने अशा मुलांना वारंवार लघवी लागते, काही मुले रात्री अंथरूण ओले करतात. त्यासाठी शिक्षा करणे म्हणजे आजाराला शिक्षा करणे. प्लीहा निकामी होत गेल्याने जंतुसंसर्ग झपाट्याने बळावतो. म्हणून १०१ अंश फॅरेनहाइटच्या वर ताप गेला की 'उद्या पाहू' म्हणू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अंगदुखीबरोबर धाप, छातीत दुखणे, बोलण्यात अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे दिसले, तर क्षणभरही थांबू नये.

रक्त कमी आहे, तर लोहाच्या गोळ्या द्या, ही समजूतही अर्धवट आहे. इथे रक्त कमी होते ते तांबड्या पेशी लवकर फुटल्यामुळे. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या शरीरात लोह आधीच साचलेले असू शकते. त्यामुळे शाळेत वाटली जाणारी लोहाची गोळी या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी. फॉलिक ॲसिडची गरज मात्र असते.

शिक्षक म्हणतील, आम्ही डॉक्टर नाही, कामाचा बोजा आधीच फार आहे, आणि एकाला सूट दिली की सगळेच मागतील. यातली पहिली दोन वाक्ये खरी आहेत, पण शाळेकडून उपचारांची अपेक्षाच नाही. पाण्याची बाटली जवळ ठेवू देणे, लघवीला सोडणे, थंडीत उबदार कपडे, भर उन्हात धावायला न लावणे, बुडालेल्या अभ्यासाची भरपाई आणि पालक व आरोग्य केंद्राचा फोन नंबर हाताशी असणे, एवढेच मागितले जाते. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर कायद्यात आहे : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या यादीत सिकलसेलचा समावेश आहे, आणि गरजेनुसार वाजवी सोयी करून देणे शासकीय व अनुदानित शाळांवर बंधनकारक आहे.

केंद्राच्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेने २०२३ मध्ये तपासणीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. तपासणीत सापडलेले मूल मात्र उद्या वर्गातच येऊन बसणार आहे. पालकांनी निदानाचा कागद आणि डॉक्टरांच्या सूचना मुख्याध्यापकांना लेखी द्याव्यात, पोच घ्यावी. आणि मुख्याध्यापकांनी त्या वर्गशिक्षक, अधीक्षक व क्रीडाशिक्षकांपर्यंत त्याच आठवड्यात पोहोचवाव्यात.