देणारा कोण?

शाळेत असताना कर्ता ओळखायची एक युक्ती आपण सर्वांनीच पाठ केलेली असते. धातूला 'णारा' लावायचा आणि 'कोण?' म्हणून विचारायचे. राम आंबा खातो. खाणारा कोण? राम. झाला कर्ता! गेली अठरा वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवते आहे. पण व्याकरणाच्या तासाबाहेर या युक्तीचा काही उपयोग असेल, असे कधी वाटले नव्हते. तो कळायला आमच्या अण्णांचे २ लाख रुपये जावे लागले, आणि यंदा आमच्या धाकट्या दिरांचे त्याहून किती तरी अधिक जाता जाता राहिले.

आम्ही कासारवाडीचे. पुण्याहून लोकलने निघालात की दापोडीनंतर कासारवाडी येते आणि ती नीट पाहून होईपर्यंत पिंपरी आलेली असते. २०२२ पासून डोक्यावरून मेट्रोही धावते आहे. वस्ती बहुतेक कारखान्यांत घाम गाळलेल्यांची. अशा माणसाला आयुष्यभर पगार हप्त्याहप्त्याने मिळतो आणि मग एके दिवशी फंड आणि ग्रॅच्युइटी एकदम हाती येते. इतके पैसे एकत्र त्याने कधी पाहिलेले नसतात. त्या दिवसापासून तो गृहस्थ एकाएकी सर्वांचा 'काका' होतो.

माझे सासरे, अण्णा, २००९ साली निवृत्त झाले, तेव्हा असाच एक पुतण्या आमच्या घरी आला. पांढराशुभ्र शर्ट, मृदू बोलणे. आल्याआल्या त्याने देवघरातल्या गणपतीला हात जोडले, सासूबाईंच्या थालीपिठाची तारीफ केली आणि म्हणाला, "काका, लाखभर ठेवा. पैसे वाढतात, वर विमाही मिळतो." अण्णांनी सही केली. वर्षाने पत्र आले, दुसरा हप्ता भरा म्हणून! अण्णा समजत होते की एकदाच ठेवायचे आहेत. प्रत्यक्षात दरवर्षी १ लाख, तेही १५ वर्षे भरायचे होते. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने वयाच्या त्र्याहत्तरीपर्यंत! दुसरा हप्ता त्यांनी लाजेकाजेस्तव भरला, तिसरा जमला नाही. तेव्हाच्या नियमाने तीन वर्षांचे हप्ते पुरे झाल्याखेरीज हाती काही परत येत नसे. २ लाख बुडाले. पुतण्याचा फोन लागेनासा झाला.

त्याने फसवले म्हणावे, तर कायद्याने तसे म्हणता येत नव्हते. सगळे कागदावर छापलेले होते, बारीक इंग्रजीत, आणि खाली अण्णांची मोठ्या अक्षरांतली मराठी सही! पॉलिसी न पटल्यास ती १५ दिवसांत परत करण्याची सोयही त्या कागदातच होती. (२०२४ च्या नियमांनी ही मुदत आता ३० दिवसांची झाली आहे.) ती आम्हांला कोणी सांगितली नाही. सांगेल कशाला? अशा लांब मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षीच्या हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन देण्याची तेव्हा कायद्याने मुभा होती. म्हणजे लाखाला ३५ हजारांपर्यंत. अण्णांना वाटले, मुलगा फुकट सल्ला देतो आहे. सल्ल्याचे पैसे देणारा कोण, हे कोणी विचारलेच नव्हते.

अण्णा आता नाहीत. त्या २ लाखांविषयी ते पुढे कधी बोलले नाहीत. पण दारात अनोळखी माणूस दिसला की आत उठून जात.

यंदा दिरांनी चाकणच्या एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. वय ५६, पदरी मुलगी, आणि हाती ४० लाखांच्या घरात रक्कम. ती बँकेत जमा व्हायला आणि नणंदेचा मुलगा दारात यायला एकच गाठ पडली! हा भाचा विम्याचे काम करतो. मुलगा गुणी आहे, कष्टाळू आहे. त्याने रंगीत तक्ते मांडले. मी चहा ठेवता ठेवता सहज विचारले, "अरे, मामांनी हे घेतले तर तुला काय मिळेल?"

त्याचा चेहरा लाल झाला. "मामी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," म्हणाला आणि चहा न घेता गेला.

मला वाईट वाटले. वरून सांगितलेला आकडा महिनाअखेर त्याला गाठायचाच असतो, नाही तर त्याच्या घरची चूल अडते. पण विकणारा आणि सल्ला देणारा हे दोन वेगळे पेशे आहेत. औषधाच्या दुकानदाराला आपण नाडी दाखवत नाही. मग पैशाच्या बाबतीतच का दाखवतो?

हा भेद आता सरकारी नियमांतही आहे. सेबीने २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांसाठी स्वतंत्र नियम केले. नोंदलेल्या सल्लागाराने फी आपल्याकडून घ्यायची. ज्याला सल्ला दिला त्याच्या गुंतवणुकीवर कंपनीकडून कमिशन घ्यायचे नाही. त्याचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरकाचा क्रमांक 'एआरएन'ने सुरू होतो. तोही प्रामाणिक असू शकतो, परंतु त्याला पैसे फंडाकडून मिळतात. आणि १४० कोटींच्या या देशात असे नोंदलेले सल्लागार किती असावेत? हजाराच्या आसपास! कारण उघड आहे. साडीच्या फॉल-पिकोचे पैसे आपण मुकाट्याने देतो, सल्ल्याचे म्हटले की कपाळाला आठ्या.

आमच्या दिरांच्याही चढल्या. चिंचवडच्या एका नोंदलेल्या बाईंची फी १५ हजार. "वहिनी, नुसत्या बोलण्याचे १५ हजार?" मी म्हटले, "भाऊजी, अण्णांनी फुकट बोलण्याचे २ लाख दिले होते." मग ते निघाले.

बाईंनी पहिला तासभर पैसे कुठे गुंतवायचे याचा विषयच काढला नाही. घराचे कर्ज किती राहिले? आजारपणाचा विमा कंपनी सुटल्यावर चालू आहे का? मुलीचे शिक्षण किती वर्षांचे? सध्या रक्कम कुठे आहे? दीर म्हणाले, "सगळी एकाच सहकारी बँकेत." त्यावर बाईंनी लेखणी खाली ठेवली. बँक बुडाली तर एका बँकेतल्या एका खातेदाराला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंतच ठेवविमा मिळतो. २०२० च्या फेब्रुवारीपूर्वी तर तो १ लाखच होता. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आमच्या पिंपरीच्या सेवा विकास बँकेचाही गेला. मोठी ठेव असणाऱ्यांची मधली वर्षे कशी गेली असतील, हे आम्हां पुणेकर-पिंपरीकरांना वेगळे सांगायला नको.

सल्ला निघाला तो अगदी साधा. आधी कर्ज फेडा. आरोग्यविमा घ्या. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ५५ व्या वर्षापासून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतात, मात्र ते हाती आल्यापासून ३ महिन्यांत. तेवढे पोस्टात जाऊन आधी करा. थोडे म्युच्युअल फंडात, तेही कमिशन नसलेल्या थेट योजनेत. दिरांनी हळूच मोबाइल पुढे केला. त्यात शेअरचा एक ग्रुप होता, महिन्याला खात्रीने १० टक्के देणारा. "खात्री देणारा सेबीचा सल्लागार असूच शकत नाही, त्याला तशी मुभाच नाही," बाई म्हणाल्या, "आणि पैसे माझ्या नावावरही कधी देऊ नका. थेट पोस्टात, थेट फंडात, तुमच्याच नावाने."

निघताना दिरांनी खिशातून नोटांचे पाकीट काढले. बाईंनी ते परत केले. फी रोख घेता येत नाही, चेक द्या, पावती देते. दिरांना हे फार विचित्र वाटले. रोकड नाकारणारे माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिले होते! नोंदणी म्हणजे काही सचोटीचा दाखला नव्हे, हे मलाही कळते. तरी त्या परत आलेल्या पाकिटाने माझे मन बरेच निवांत झाले.

पोस्टातले काम महिन्याभरात उरकले. भाचा मात्र गणपतीत आमच्याकडे आला नाही. नणंदबाईंचा फोनही जरा तुटकच असतो. तो आला तर त्याच्याकडून मुदतीचा साधा विमा घ्यायचा, असे दिरांनी ठरवले आहे. त्यात त्याला थोडेच मिळेल, पण मामांना तो खरोखर हवा आहे. भाऊबीजेला येईन, असे त्याने सासूबाईंना सांगितले आहे म्हणतात. मी त्याच्या आवडीच्या करंज्या जास्त करणार आहे.